बाजारपेठेची वही

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांनी राजापूरचं वर्णन मोठ्या कौतुकानं केलं आहे. सबंध कोकणात इतकं जुनं दिसणारं आणि इतकं नीट टिकलेलं दुसरं गाव नाही, रस्ते चढाचे आणि अरुंद, बाजाराच्या वाटा फरसबंदी आणि वरून छपरानं झाकलेल्या, अशा अर्थाच्या त्या नोंदी आहेत. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या मुलखात बाजाराच्या वाटेवर छप्पर घालायचं हे ज्यांना सुचलं, त्यांना गिऱ्हाइकाची किंमत कळत होती. मुसळधार पावसातसुद्धा बाईमाणसानं कोरड्या पायानं मीठमिरची घेऊन घरी जावं, एवढी सोय गावानं स्वतःच्या हिमतीवर केली होती. ही सोय कुणी केली? खर्च कुणी उचलला? दुकानागणिक वर्गणी काढली, की एखाद्या सावकारानं पुण्य जोडलं? गॅझेटिअर याबद्दल काही सांगत नाही.

राजापूर समुद्रकाठी नाही. समुद्र तिथून पंधरा मैलांवर, जैतापूरच्या मुखाशी. तरी ते बंदर होतं, कारण खाडीची भरती गावाच्या पायथ्यापर्यंत होड्या आणून सोडत असे. दुसऱ्या बाजूनं अणुस्कुऱ्याचा घाट उतरून बैलांचे तांडे येत. घाटावरचा गूळ, धान्य, तंबाखू खाली यायचा. मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी वर जायची. होडी जिथे थांबते आणि बैल जिथे थांबतो, ती जागा एकच निघाली, म्हणून अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांच्या काठी बाजार उभा राहिला. आदिलशाहीच्या काळात घाटावरच्या मालाला समुद्राची वाट दाखवणारं हे महत्त्वाचं ठाणं होतं. अरबांची जहाजं थेट या बंदराशी व्यापार करत, आणि तो व्यापार विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत काही अंशी टिकून होता, हे मला फार विलक्षण वाटतं. राज्यं बदलली. 1713 साली गाव आंग्र्यांकडे गेलं, 1756 साली पेशव्यांनी घेतलं, 1818 साली कंपनी सरकारचं झालं. बाजार तिथेच राहिला.

राजापूरच्या या पेठेबद्दल आज आपल्याला जे तपशिलानं ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं इंग्रजांच्या वखारीमुळे. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्रजांनी तिथे वखार घातली. मिरी, वेलदोडे, कापड असा माल ते घेत. 1660 साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा दिला, तेव्हा या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाला आणि इंग्रजांचं निशाण लावून गडावर मारा केला. शिवाजी महाराजांनी हे विसरणं शक्य नव्हतं. 1661 साली राजापूर त्यांनी ताब्यात घेतलं, वखार खणून काढली, इंग्रज कैद केले. त्यांची सुटका 1663 साली झाली. पुढे राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 साली, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तेव्हा तहात राजापूरच्या भरपाईचं कलम होतंच. दहा हजार होनांचा आकडा ठरला आणि वसुलीची रडकथा पुढे वर्षानुवर्षं चालली.

हे सगळं आपल्याला कळतं कारण वखारीतली माणसं लिहीत होती. सुरतेला लिहीत, मुंबईला लिहीत, लंडनला लिहीत. माल किती, भाव काय, कोणत्या सुभेदारानं अडवलं, कोण पैसे बुडवतो. तो सगळा कागद त्यांच्या कंपनीनं जपला आणि 1931 साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानं त्यातला शिवकालाशी संबंधित भाग इंग्रजीतच ग्रंथरूपानं छापला. आपल्या अभ्यासकांनी केलेलं ते मोठंच काम. पण ती पत्रं वाचताना एक गोष्ट मनाला लागून राहते. ज्या दुकानदारांनी या परक्यांना मिरी मोजून दिली, ज्या हमालांनी पोती होडीवर चढवली, ज्या सावकारांनी हुंड्या वटवल्या, ते या पत्रांत आले तर परक्याच्या तक्रारीतून येतात. त्यांची बाजू त्यांच्या तोंडून कुठे ऐकू येत नाही.

आपल्या लोकांना लिहायची सवय नव्हती, असं म्हणून हा विषय संपवणं सोपं आहे. ते खरं नाही. आपला व्यापारी लिहितच होता, रोज लिहीत होता. दिवेलागणीला रोजची रोकड मोजायची, कीर्द लिहायची, तिथून खतावणीत उतरवायची, आणि मग दुकानाच्या फळ्या लावायच्या. दिवाळीत लाल बांधणीची नवी वही पाटावर मांडून तिला हळदकुंकू वाहायचं. वहीची पूजा करणारा हा समाज. मोडीतल्या त्या ओळी झरझर, पेन न उचलता, बोरूच्या एका बुडवणीत जेवढं जाईल तेवढं लिहिलेल्या. दुकानागणिक वर्षाला एक-दोन वह्या धरल्या, तरी एका मध्यम पेठेत शंभर वर्षांत किती कागद साठला असेल! तो गेला कुठे?

काही पाण्यात गेला. राजापूरची नदी गाळानं भरत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मोठं गलबत जुन्या धक्क्याच्या तीन मैल अलीकडे थांबायला लागलं होतं. डोंगर उघडे पडले, माती खाली आली, पात्र उथळ झालं. ज्या नदीनं बाजार आणला, तीच मग पावसाळ्यात बाजारात शिरायला लागली. अर्जुना आणि कोदवलीला पूर आला की पाणी जवाहर चौकात येतं, हे राजापूरकरांना इतकं अंगवळणी पडलं आहे की नगरपरिषदेचा भोंगा वाजला की दुकानदार न बोलता माल माळ्यावर चढवायला लागतो. कोकणातली जुनी दुकानं नीट पाहिली तर या पाण्याची तयारी त्यांच्या बांधणीतच दिसते. जांभ्या चिऱ्याचं उंच जोतं, रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या वर असलेला ओटा, समोरून एकेक काढता येतील अशा लाकडी फळ्या, आणि वर भक्कम माळा. माल वर जायचा, आणि गल्ल्याबरोबर चालू वर्षाची वही पण. जुन्या वह्या मात्र खालच्या कोनाड्यात, पेटाऱ्यात. दोन दिवस पाण्यात राहिलेल्या हातकागदाचं काय होतं ते सांगायला नको.

चिपळूणनं हे दुःख फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं. 1864 साली सुरू झालेलं तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 2005 च्या पुरात बुडालं, पुन्हा उभं राहिलं आणि 2021 च्या जुलैत पुन्हा पाण्यात गेलं. त्या वाचनालयासाठी महाराष्ट्रभरातून लोक धावले, आणि धावायलाच हवं होतं. त्याच पुरात पेठेतल्या दुकानांच्या माळ्यांवरचं आणि कोनाड्यांतलं काय काय वाहून गेलं, त्याची यादी कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

पाण्यापेक्षाही जास्त कागद रद्दीत गेला. मोडी वाचणारी पिढी संपली, तशी घरातल्या माणसांसाठी ती वही नुसती जागा अडवणारी वस्तू झाली. वाटण्या झाल्या, दुकान एका भावाकडे आलं, दुसरा मुंबईला गेला. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं की पहिला दिवस कौलं उतरवण्यात जातो आणि दुसरा दिवस माळा रिकामा करण्यात. त्या दुसऱ्या दिवशी रद्दीवाला येतो.

त्या वह्यांत काय असतं, याची कल्पना आपण फारशी करत नाही. किराणा दुकानाची सलग पन्नास वर्षांची खतावणी हातात आली तर गावाचं अख्खं आयुष्य वाचता येईल. चहाची पूड पहिल्यांदा कधी विकली गेली. घासलेटाचा डबा कधी आला आणि करंजेलाची विक्री कुठल्या वर्षी घटली. मँचेस्टरचं आणि मुंबईच्या गिरण्यांचं कापड आल्यावर कोष्ट्याच्या नावावरचं खातं कसं आटत गेलं. पटकीच्या किंवा दुष्काळाच्या वर्षी कुणी किती उधारी दिली आणि कुणाची माफ केली. 1891 साली कोल्हापूर मिरजेच्या रेल्वेला जोडलं गेलं. त्यानंतर घाटावरचा गूळ बैलाच्या पाठीवरून राजापूरला उतरण्याचं कारणच हळूहळू संपत गेलं, असं आपण आज नकाशा पाहून म्हणतो. तेव्हाच्या आडत्याच्या वहीत ते त्याच वर्षी उमटलं असणार: खेपा कमी, हमाली कमी, येणे बाकी जास्त. एखादा व्यापार बुडताना आतून कसा दिसतो, हे सांगणारा त्याहून खरा साक्षीदार मला सुचत नाही.

आणि मग पुढची पानं. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसाची मनीऑर्डर आली की त्याच्या घरची उधारी जमा. गणपतीच्या आधी खाती फुगायची, शिमग्यानंतर उतरायची. कोकणातल्या कितीतरी पेठा या चाकरमान्यांच्या पैशावर जगल्या, हे आपण सगळे जाणतो. पण नेमक्या कोणत्या घराला कोणत्या दुकानदारानं किती महिने थांबून धान्य दिलं, हे फक्त त्या वहीला ठाऊक. त्या थांबण्यावर किती मुलं शिकली, किती लग्नं झाली!

इतिहासाचे कागद घरोघर हिंडून मिळवायचे असतात हे महाराष्ट्राला कुणी नव्यानं शिकवायला नको. इतिहासाचार्य राजवाड्यांना वाईत जुनी दप्तरं सापडली आणि 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पुढे त्यांचे बावीस खंड झाले. रुमाल सोडत, कसर झाडत, पायी फिरत त्यांनी ते केलं. त्यांच्या पिढीपुढे राज्याचा इतिहास उभा करायचं काम होतं, म्हणून त्यांचं लक्ष सरदारांच्या, देशमुखांच्या, मुत्सद्द्यांच्या दप्तरांवर राहिलं, ते योग्यच. वाण्याची वही त्यामुळे मागे राहिली. शिवाजी महाराजांना मात्र बाजाराचं मोल पक्कं ठाऊक होतं. 1676 साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पाठवलेल्या पत्रात, वसुलात आलेला माल नीट साठवावा आणि भाव बघून विकावा, म्हणजे नुकसान होणार नाही, इथपर्यंत सूचना आहेत. ही प्रभावळ म्हणजे राजापूर-लांज्याच्याच बाजूचा मुलूख.

जुनी पेठ जशीच्या तशी ठेवा, असा आग्रह मी धरणार नाही. दरवर्षी गुडघाभर पाण्यात संसार उचलणाऱ्या माणसाला कौलारू घराचं सौंदर्य सांगणं क्रूरपणाचं आहे. महामार्ग बाजाराच्या बाहेरून गेला, 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली पण राजापूर रोड स्टेशन गावापासून लांब पडलं, आणि गिऱ्हाईक जिथे वळतं तिकडे दुकानानं जायचं असतं. नदीतला गाळ निघायला हवा, दुकानदाराला पक्कं बांधकाम परवडायला हवं, हे आधी. इमारत पडली तर वाईट वाटेल, पण तिचा फोटो असतो, लोकांच्या आठवणीत ती काही काळ उभी राहते. वही गेली की तिच्यातली माणसं पुन्हा कुठेच सापडत नाहीत. म्हणून दोन्हींतलं एकच वाचवता येणार असेल, तर मी वही वाचवा म्हणेन.

हे राजापूरपुरतं नाही. तुमचं गाव वाई असेल, पैठण असेल, मालवण, कराड, मूर्तिजापूर, कुठलंही. तिथल्या पेठेत तीन पिढ्यांचं दुकान चालवणारे एखादे काका किंवा आजी अजून गादीवर बसत असतील. येत्या दिवाळीच्या आत एकदा सवडीनं त्यांच्याकडे जा. दुकान कुणी घातलं, आधी काय विकायचे, माल कुठून यायचा, कशावर यायचा, तो यायचा का थांबला, एवढं विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. माळ्यावर जुनी वही निघाली तर तिची पानं आधी मोबाइलवर टिपून घ्या. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत, मोडीचे वर्गही चालतात, त्यांच्यापैकी कुणाला तरी ती दाखवा. एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा, आणि तीही वरच्या मजल्यावर. घर पाडायचं ठरलं असेल तर रद्दीवाल्याला आठवडाभर थांबायला सांगा.