निश्चिंतीचा भार कुणावर?

1988 साली ‘कॉकटेल’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला. टॉम क्रूझ त्यात न्यूयॉर्कमधला बारटेंडर आहे. पुढे तो जमैकाला जातो आणि समुद्राकाठच्या बारमध्ये काम करतो. बॉबी मॅकफेरिनचं ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे गाणं याच चित्रपटातून घरोघरी पोचलं. त्यात एकही वाद्य नाही. सगळं गाणं गळ्यातून, शिट्टीतून आणि अंगावर दिलेल्या थापांतून उभं केलेलं. सप्टेंबर 1988 मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. वाद्यांशिवायचं गाणं तिथवर जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. उष्ण कटिबंधातल्या बेटांवर हे शब्द आज टी-शर्टांवर असतात, माडाच्या बुंध्याला ठोकलेल्या पाट्यांवर असतात. पुष्कळांना गाणं बॉब मार्लीचं वाटतं, पण मार्ली 1981 मध्येच वारला होता.

ते शब्द मेहेरबाबा या आध्यात्मिक गुरूंचे. पाश्चात्त्य शिष्यांना तारा करताना ते वारंवार वापरत. मॅकफेरिनने ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका घरी, मेहेरबाबांच्या पोस्टरवर वाचले. आणि मेहेरबाबांची समाधी आहे नगर-दौंड रस्त्यावर, आरणगावजवळ, मेहेराबादच्या टेकडीवर. माळरान, पर्जन्यछायेतला मुलूख, पायथ्याशी दौंड-मनमाड रेल्वेचा रूळ. समुद्र तिथून दोनशे किलोमीटरच्या आसपास. पाण्याच्या टँकरची वाट पाहण्यात ज्या जिल्ह्याचे कितीतरी उन्हाळे गेले, त्या जिल्ह्यातून समुद्रकिनाऱ्यांना त्यांचं ब्रीद मिळालं आहे.

आता त्याच जिल्ह्यातली माणसं किनाऱ्यांकडे निघाली आहेत. सावेडीतले डॉक्टर, संगमनेरचे व्यापारी, राहुरी-श्रीरामपूरकडचे बागायतदार मालदीवला जातात, बालीला जातात, नाहीतर अंदमानला. तयारी काही महिने आधीच सुरू होते. पासपोर्टची मुदत बघायची, मुलांच्या परीक्षा संपण्याची तारीख बघायची. मालदीवमध्ये सी-प्लेन फक्त उजेडी उडतं, म्हणून मालेला दुपारच्या आत पोचणारं विमान शोधायचं. सासऱ्यांच्या शुगरच्या गोळ्या, धाकट्याचं पथ्य, चतुर्थीच्या उपासाला तिथे काय मिळेल याची चौकशी. शेती असली तर कालव्याचं आवर्तन कधी सुटणार आणि रात्रीच्या विजेवर मोटार कोण चालू करणार, हेही ठरवायचं. चार दिवस कसलीच काळजी नको, एवढ्यासाठी तीन महिने काळजी करायची.

यात हसण्यासारखं काही नाही. वर्षभर राबलेल्या माणसाला चार दिवस पाण्यात पाय सोडून बसावंसं वाटणं हे स्वच्छ मागणं आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे, आणि तो धर्माचा आहे: निश्चिंती ही एखाद्या जागी जाऊन मिळते का? मिळत असेल, तर ती कुणाच्या जिवावर?

सुखाकडे पाठ फिरवा, असं सांगणारा धर्म नगर जिल्ह्यात फारसा रुजला नाही. प्रवरेकाठच्या नेवाशात, 1290 साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका पूर्ण केली आणि शेवटी देवापाशी मागणं मागितलं ते सगळ्यांच्या सुखाचं. ज्या खांबाला टेकून त्यांनी ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब आजही तिथे आहे. गीतेची अट एवढीच की कर्म नीट करावं आणि फळाची चिंता उरावर घेऊन बसू नये. मेहेरबाबांचा पूर्ण निरोपही याच वळणाचा होता. आपल्याकडून होईल तेवढा प्रयत्न कर. मग काळजी सोड आणि माझ्या प्रेमात आनंदी राहा. मी मदत करीन. गाण्यात मधला भाग आला. आधीचा प्रयत्न आणि नंतरचा आधार मागेच राहिले.

या मागे राहिलेल्या प्रयत्नाची किंमत नगर जिल्ह्याइतकी कुणाला कळणार? नगर तालुक्यातलं हिवरे बाजार एकेकाळी ओसाड पडत चाललं होतं, माणसं पुण्या-मुंबईला जात होती. 1989च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, शेतीसाठी बोअरवेल घ्यायला मनाई अशी शिस्त गावाने स्वतःवर घातली. पाऊस किती पडला ते मोजायचं, गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि पाणी कमी असेल तर त्या वर्षी कोणतं पीक घ्यायचं नाही हे ग्रामसभेत ठरवायचं. पुढे गाव सोडून गेलेली कुटुंबं परत येऊ लागली. तिथल्या माणसाला मे महिन्यात जी स्वस्थता आहे, ती कुणी त्याला आणून दिलेली नाही.

आणि बेटाची स्वस्थता? मालदीवमध्ये पर्यटन सुरू झालं 1972 मध्ये, आणि पुढे ‘एका बेटावर एकच रिसॉर्ट’ ही तिथली रीत झाली. पाहुण्याला पाण्यावरची खोली दिसते, पायऱ्या उतरल्या की प्रवाळात फिरणारे मासे दिसतात. प्यायचं पाणी मात्र समुद्राचं खारं पाणी यंत्रातून काढून केलेलं असतं आणि ती यंत्रं इंधनावर चालतात. 4 डिसेंबर 2014 रोजी राजधानी मालेतल्या अशा प्रकल्पात आग लागली. लाखावर लोकांच्या शहराचे नळ कोरडे पडले. भारताने ‘ऑपरेशन नीर’ हाती घेऊन हवाई दलाच्या विमानांतून पाणी पाठवलं, नौदलाचं ‘आयएनएस सुकन्या’ हे जहाज पाठवलं. नगरच्या माणसाला ही बातमी परकी वाटू नये. फरक इतकाच की तिथे टँकर उडत आला.

म्हणजे पाहुण्याची काळजी तिथे नाहीशी होत नाही, ती दुसरं कुणीतरी वाहत असतं. बेटाच्या मागच्या अंगाला कामगारांच्या खोल्या असतात; त्यात मालदीवचे असतात, बांगलादेशातून, भारतातून, श्रीलंकेतून आलेले असतात. रात्री जनरेटर कोण बघतं, पहाटे वाळूवरचा कचरा कोण झाडतं, हे पाहुण्याला दिसू नये अशीच सगळी रचना. चैन म्हणजे नेमकं हेच, की सेवा व्हावी पण सेवेकरी दिसू नये.

मेहेरबाबांच्या आयुष्यात या प्रश्नावरचा एक प्रसंग आहे, आणि तो ऐन समुद्रकिनाऱ्यावरचा आहे.

1936 मध्ये त्यांनी राहुरीत एक आश्रम काढला. तो वेड्यांसाठी होता, आणि ज्यांना सुफी परंपरा ‘मस्त’ म्हणते, ईश्वराच्या ओढीत देहभान हरपलेले लोक, त्यांच्यासाठीही. बाबा स्वतः त्यांना आंघोळ घालत, दाढी करत, जेवू घालत, त्यांची घाण काढत. बाबांचं मौन तेव्हाही चालू होतं. 10 जुलै 1925 ला धरलेलं मौन त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही. या सगळ्या मस्तांच्या भेटींची नोंद विल्यम डॉन्किन या इंग्रज डॉक्टर शिष्याने ‘द वेफेअरर्स’ या 1948 च्या ग्रंथात करून ठेवली आहे. राहुरीच्या आश्रमात कोकणातला मोहम्मद नावाचा एक मस्त होता. मान खाली घालून जमिनीवरचं काहीबाही शोधत, वेचत फिरायची त्याला सवय.

1937 मध्ये बाबा फ्रान्समध्ये कानला गेले. भूमध्य समुद्रावरचं कान तेव्हाही युरोपातल्या श्रीमंतांचं सुट्टीचं गाव होतं. बाबांच्या पाश्चात्त्य शिष्यांतही सुखवस्तू घरचे पुष्कळ होते; चार वर्षांपूर्वी ते सगळे इटलीत पोर्तोफिनोला असेच समुद्राकाठी राहिले होते. पण कानला बाबांनी राहुरीहून मोहम्मदला बोलावून घेतलं. त्या झगमगीत गावात, बंगल्याच्या एका खोलीत, बाबा त्याच्याजवळ बसत आणि त्याची देखभाल स्वतः करत. ज्या किनाऱ्यावर लोक स्वतःची सेवा करून घ्यायला येत, तिथे या माणसाने सेवा करायला एकाला बोलावून घेतलं. बाकी शिष्यांना हे कोडंच वाटलं असेल. बाबांच्या समाधीच्या दारावर इंग्रजीत कोरलेलं आहे की स्वामित्व सेवेतच असतं. त्या ओळीचा अर्थ कानच्या या खोलीत जसा उलगडतो तसा प्रवचनांतही उलगडत नाही.

समुद्राचं मात्र त्यांना वावडं नव्हतं. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातलं मर्टल बीच हे आज हॉटेलं आणि गोल्फची मैदानं यांसाठी ओळखलं जातं. तिथेच, अटलांटिकच्या काठी, बाबांचं पश्चिमेतलं केंद्र आहे: सुमारे पाचशे एकर जंगल, गोड्या पाण्याची तळी आणि किनारा. जमीन दिली एलिझाबेथ पॅटरसन या शिष्येच्या वडिलांनी. जागा शोधताना बाबांनी अटी घातल्या होत्या. हवामान सम असावं, पाणी मुबलक असावं, जमीन आधी न वापरलेली असावी, बऱ्याच माणसांना पोसण्याची तिची ताकद असावी आणि देणाऱ्याने ती मनापासून दिलेली असावी. आरणगावच्या माळावर वर्षं काढलेल्या माणसाने मुबलक पाण्याची अट घालावी, यात नगरकराला आपलं माणूस दिसेल. केंद्राचा हेतूही विश्रांती, ध्यान आणि नव्याने उभारी असाच सांगितलेला आहे. विश्रांती त्यात पहिली आहे, हे विसरू नये.

1952 मध्ये ते तिथे राहिले आणि मग मोटारीने कॅलिफोर्नियाकडे निघाले. 24 मे रोजी ओक्लाहोमा राज्यात प्राग नावाच्या गावाजवळ समोरून आलेल्या गाडीने धडक दिली. बाबांचा हात मोडला, पाय मोडला. पुढचे आठवडे त्यांनी मर्टल बीचलाच, पॅटरसनबाईंच्या समुद्रकाठच्या घरी, प्लास्टरमध्ये काढले. समोर तोच समुद्र, तीच वाळू, आणि अंगभर वेदना. किनाऱ्याने दुःख टळतं असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

प्रवासाचं दुसरं टोकही त्यांनी दाखवलं. 16 ऑक्टोबर 1949 रोजी वीस सोबत्यांना घेऊन ते नगरहून ‘नवजीवना’साठी बाहेर पडले. मालमत्ता सोडलेली, परतीची तारीख नाही. आधी बेळगाव, मग काशी, सारनाथ, आणि पुढे हरिद्वारच्या दिशेने पायी, काही काळ भिक्षा मागत. थंडीचे दिवस, बरोबर जनावरं आणि गाडी. सोबत्यांनी पाळायच्या अटींत रागावायचं नाही आणि तोंड पाडायचं नाही, अशाही अटी होत्या. अन्नाची, मुक्कामाची खात्री नसताना प्रसन्न राहायचं. यातले सगळेच ते निभावू शकले असं नाही, काही जण वाटेतून मागे फिरले. ही वाट सगळ्यांसाठी नाही आणि संसारी माणसाने ती धरावी असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण बुकिंग पक्कं असलं की मन आपोआप शांत होतं, या समजुतीला या वीस जणांच्या प्रवासाने उत्तर दिलं आहे.

31 जानेवारी 1969 ला नगरजवळच्या मेहेराझाद या आपल्या निवासस्थानी त्यांनी देह ठेवला. दरवर्षी त्या दिवशी अमरतिथीला मेहेराबादला देशोदेशीचे लोक जमतात. मर्टल बीचच्या जंगलातून येतात, तसे आंध्रातून रेल्वेच्या साध्या डब्यातूनही येतात. ‘जय बाबा’ म्हणत मांडवात शेजारी शेजारी झोपतात, रांगेत जेवण घेतात, ताट स्वतः धुतात. भर दुपारी हजारोंचा जमाव मौन पाळतो. खाली रेल्वे गेली तर तिचा आवाज तेवढा येतो. उन्हाळ्यासारखं ऊन असतं, सावली कमी असते. तरी तिथून परतणाऱ्या लोकांचे चेहरे विसावलेले असतात, आणि पंचतारांकित बेटावरून परतलेल्या कित्येकांचे विमानतळावरच पुन्हा ओढलेले दिसतात. जागेचा यात मोठा वाटा असता तर हे उलट व्हायला हवं होतं.

मग बेटावर जाऊ नये का? जरूर जावं. मेहेरबाबांनी स्वतः पाहुण्यांसाठी समुद्रकाठ निवडला, तेव्हा त्याला नाही म्हणायचा अधिकार दुसऱ्या कुणाला कशाला हवा? पण राहुरी आणि कान ही दोन नावं एकत्र ठेवली की सुट्टीचा बेत कुठून सुरू करायचा ते कळतं. रिसॉर्ट कोणतं, हा प्रश्न मग दुसरा येतो. पहिला प्रश्न हा की घरात वर्षभर दुसऱ्यांची काळजी कोण वाहतं. बहुतेक घरांत ती आई असते, सून असते, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याजवळ रात्री जागणारी मुलगी असते. आणि सुट्टी ठरते तेव्हा गोळ्यांची यादी, फराळाचे डबे आणि सगळ्यांचे कपडे यांच्यासकट तीच काळजी तिच्याबरोबर समुद्रावर जाते. नाहीतर म्हाताऱ्यापाशी कुणीतरी हवं म्हणून तिलाच घरी ठेवून बाकीचे जातात.

येत्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यातल्या ज्या घरांत असा बेत शिजत असेल, त्यांनी पैसे भरण्याआधी एवढं करावं. त्या बाईला विचारावं की तिला कुठे जायचं आहे, आणि त्या चार दिवसांत तिची कामं घरातल्या पुरुषांनी आपसांत वाटून घ्यावीत, म्हाताऱ्याच्या उशाशी बसण्यासकट. बेटावरही डबे त्यांनी उघडावेत, गोळ्या त्यांनी द्याव्यात. आणि खोली झाडायला येणाऱ्या मुलाला त्याचं नाव आणि गाव विचारावं. तो बहुधा घरापासून फार लांब आलेला असेल.