धाग्याची अमानत

सेंद्रिय कापूस आणि साधा कापूस डोळ्यांना सारखाच दिसतो. म्हणूनच जिनिंग, सूतगिरणी, माग, रंगाई अशा प्रत्येक टप्प्यावर माल हात बदलताना प्रमाणपत्र लागते. २०२० साली ‘गॉट्स’ या जागतिक मानक संस्थेला भारतातील तब्बल २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय ठरल्याचे आढळले.

साखळीतला मधला व्यापारी म्हणतो, “कागद आला, पुढे दिला; माझा काय दोष?”

प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, हे विक्रेत्याचे उत्तर त्यांनी नाकारले नाही. ओले धान्य वर का ठेवले नाही, एवढेच विचारले आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. भिजणे हा गुन्हा नव्हता, झाकणे होता.

प्रमाणपत्र हा राशीचा वरचा थर आहे. ज्याला आतले कळणे शक्यच नव्हते, तो निर्दोष. परंतु भाव संशयास्पद स्वस्त असूनही ज्याने हात घातला नाही, त्याचे अज्ञान कमावलेले आहे. त्याची किंमत रसायनांविना पीक काढणारा प्रामाणिक शेतकरी मोजतो.

मालेगाव-भिवंडीत कित्येक घरांची रोजी मागावर आहे. मिश्र सूत विकणे हराम नाही. ते मिश्र म्हणूनच विका.