बुचाचा घोडा

बुद्धिबळाच्या पटावर घोड्याचे काम बाटलीचे बूचही करू शकते, ही गोष्ट मला अकरा वर्षे ठाऊक होती. आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर आणि मी दर रविवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर डाव मांडून बसत असू. त्यांच्या जुन्या लाकडी संचातला एक काळा घोडा कधीतरी हरवला होता. त्याच्या जागी त्यांनी औषधाच्या बाटलीचे एक बूच ठेवले आणि शाईच्या दोन ठिपक्यांनी त्याला डोळे काढले. ते बूच अडीच घरे चाले, माझ्या राजावर आणि वजिरावर एकाच वेळी डोळा ठेवी, आणि त्याच्यामुळे मी कितीतरी डाव हरलो. हरताना मला एकदाही असे वाटले नाही, की आपण बुचाकडून हरलो. घोडा हरवला म्हणून त्याची चाल हरवत नाही. आणि पटावर घोडा म्हणजे त्याची चालच.

गेल्या चैत्रात ड्रॉइंग मास्तर गेले. महिन्याभराने वहिनींनी मला बोलावून घेतले आणि एक पाकीट हातात ठेवले. आत दहा हजार रुपये होते.

"भावजी, शाळेसाठी ह्यांच्या नावानं बुद्धिबळाचा एक संच आणा. चांगला, लाकडी, पोरांनी खेळावा असा."

मी मान हलवली. पण माणसाचे कान मोठे धूर्त असतात. त्यांना सोयीचे तेवढे ते घरी घेऊन येतात. वहिनींच्या बोलण्यातले 'चांगला' आणि 'लाकडी' हे दोन शब्द माझ्याबरोबर आले. 'पोरांनी खेळावा असा' हे शब्द मात्र त्या ओसरीवरच राहिले. दोन दिवसांत माझ्या मनात सारे चित्र तयार झाले. आबनुसाच्या काळ्याभोर लाकडाचा संच, मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेचे कपाट, त्यावर पितळी पाटी आणि पाटीवर माझ्या मित्राचे नाव. पैसे कमी पडले तर आठ हजार मी घालायचे, असेही ठरवून टाकले. मित्रप्रेमाने माझा ऊर भरून आला होता. त्या भरलेल्या उरात थोडी हवाही असावी, अशी शंका मला तेव्हा आली नाही.

पुण्याला गेलो. पहिल्या दुकानात विक्रेत्याने मखमलीच्या पेटीतून संच काढला. "अस्सल आबनूस, सर. अठरा हजार." सोंगट्या आरशासारख्या चकाकत होत्या. मी एक घोडा उचलून उलटा केला. तळाला लावलेली हिरवी बनात एका कडेने सुटली होती. ती थोडी वर सारली, तर शिसे भरण्यासाठी पोखरलेल्या भोकाच्या कडेला लाकूड दिसले. ते फिकट पिवळे होते. काळा होता तो वरचा रंग.

मी विक्रेत्याकडे पाहिले. तो मुळीच ओशाळला नाही. म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात ना, काचेच्या कपाटात ठेवायचाय? मग बनात उचलून कोण बघणार आहे?"

मी तावातावाने दुकानाची पायरी उतरलो. पण ते वाक्य माझ्यामागे रस्ताभर चालत राहिले. त्या माणसाने मला फसवू पाहिले, हे खरे. पण मी त्याच्याकडे काय मागितले होते? दिसण्यासाठी एक वस्तू मागितली होती. त्याने दिसण्यापुरतीच वस्तू पुढे केली. त्याच्या मालाचा आणि माझ्या हेतूचा रंग एकच होता, आणि दोन्हींचा तळ कोणी पाहणार नव्हते!

दुसरे दुकान एका बोळात होते. गल्ल्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी प्रथम जो संच दाखवला, तो पाहून मी चमकलो. तोच घाट आणि तोच काळा रंग. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "हे बॉक्सवुडच आहे, काळं रंगवलेलं. साडेतीन हजार. दहा वर्षं खेळलात की कडा उघड्या पडतील, तेव्हा मला बोल लावू नका."

लाकूड तेच होते, रंगही तोच. आणि तरी पहिल्या दुकानात जी फसवणूक होती ती इथे औषधालाही नव्हती. मुलांना मी वीस वर्षे सत्य आणि असत्य यांवर निबंध लिहायला देत आलो. पण असत्य नेमके कुठे राहते, हे मला त्या बोळात उमगले. ते रंगात राहत नाही, नावात राहते. रंगवलेले लाकूड 'मी रंगवलेले आहे' म्हणून उभे राहिले, तर ते आबनुसाइतकेच खरे असते. माणसांचेही असेच नसेल का? आपल्यांत आबनूस थोडे. बहुतेक आपण रंगवलेलेच. त्यात पाप नाही. पाप आहे ते किंमत आबनुसाची सांगण्यात.

त्या गृहस्थांनी मला तासभर शिकवले. गिऱ्हाईक मास्तर आहे हे कळल्यावर शिकवण्याचा आनंद त्यांना काही वेगळाच झाला असावा! आज जगभर ज्या घाटाच्या सोंगट्यांनी खेळतात, त्या घाटाची नोंदणी लंडनमध्ये १८४९ साली झाली. ती नॅथॅनियल कुक यांच्या नावाने होती, सोंगट्या बनवल्या जाक्स यांच्या कारखान्याने, आणि घाटाला नाव मिळाले ते हॉवर्ड स्टॉन्टन या त्या काळच्या गाजलेल्या खेळाडूचे. कातावर बसून ज्यांनी त्या घडवल्या त्या कारागिरांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. पितळी पाटीचा विचार करीत बसलेल्या मला हे ऐकून जरा चुटपुट लागली. आपल्या देशात या कामाचे मोठे ठिकाण अमृतसर. तिथल्या कारागिरांच्या सोंगट्या परदेशांतल्या पटांवर जाऊन उभ्या राहतात. बिशपच्या टोपीचा आकार ते कोरतात, आणि आपली पोरे त्याला उंट म्हणतात. किल्ल्याचा बुरूज कोरतात, आणि तो आपल्याकडे हत्ती होतो. नावे कशीही बदलोत, चाल तीच राहते.

"संच पारखायचा तर राजा बघू नका, घोडा बघा," ते म्हणाले. कारण सोपे होते. राजा, वजीर, प्यादे यांचा मूळ घाट कात फिरला की उतरतो, कारण तो गोल आहे. घोड्याचे तोंड गोल नाही. ते कातावर होत नाही. तिथे माणसाला पटाशी घेऊन बसावे लागते. आयाळ, नाकपुडी, जबडा आणि कान हे सारे हाताने काढायचे, आणि एका संचात असे चार घोडे एकमेकांना शोभतील असे उतरवायचे. हलक्या संचात घोड्याच्या जागी मेंढराचे तोंड असते. बाकीच्या सोंगट्यांत कारागिराची लबाडी खपून जाते. घोड्यात ती उघडी पडते.

मग त्यांनी माप सांगितले. स्पर्धेतला राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच आणि तळाचा व्यास उंचीच्या चाळीस ते पन्नास टक्के. पटाचे घर पाच ते सहा सेंटिमीटरांचे. एका घरात चार प्यादी दाटीवाटीने मावली की माप जुळले. सोंगट्या आणि पट फार चकाकणारे नकोत, डोळ्यांना त्रास होतो. मी मनातल्या मनात मघाचा तो आरसा आठवला. शेवटी त्यांनी राजाला बोटाने तिरपा केला आणि सोडला. तो डुलला आणि पुन्हा उभा राहिला. "आत शिसं आहे," ते म्हणाले. "बनातीखाली. कोणाला दिसत नाही, पण धक्का लागला की कळतं."

मी आबनुसाची चौकशी केली. हा वृक्ष आपल्या टेंभुर्णीचा, ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या झाडाचा, भाऊबंद. लाकूड इतके घट्ट, की पाण्यात टाकले तर बुडावे. वाढ फार सावकाश. एखादा राजा आणि वजीर घडायला झाडाने किती पावसाळे काढले असतील! आणि एवढे होऊनही नीट न वाळलेले आबनूस कोरड्या हवेत तडकते. त्याच ओघात हस्तिदंताचा विषय निघाला. एके काळी श्रीमंतांच्या घरी हस्तिदंती संच असत. १९८६ आणि १९९१ च्या कायदेबदलांनी आपल्या देशात हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे एक चमत्कारिक दृश्य आले. जिवंत हत्ती मारायचा, त्याचा दात काढायचा आणि त्या दातातून काय कोरायचे, तर पटाच्या कोपऱ्यात उभा राहणारा हत्ती! उत्तम वस्तूचा हव्यास हा असा असतो. उत्तमपणाची किंमत कोणी मोजली, हे तो विचारत नाही.

"खेळणार कोण?" वृद्धांनी एकदम विचारले.

तो प्रश्न साधा होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. काचेच्या कपाटातल्या संचाशी कोणीच खेळणार नव्हते. तेव्हा कुठे ओसरीवर राहिलेले वहिनींचे ते शब्द धावत येऊन मला गाठते झाले. मी मित्राचे स्मारक करायला निघालो होतो, आणि ज्या एका गोष्टीत त्याचा जीव रमे तीच त्या स्मारकात होणार नव्हती.

पण वाचक इथे मला अडवील, आणि त्याने अडवावे. खेळणेच महत्त्वाचे, तर प्लॅस्टिकच्या सोंगट्या काय वाईट? बुचाने भागत असेल तर हा लाकडाचा थाट कशाला? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. प्लॅस्टिकच्या संचाने मुले उत्तम शिकतात, याविषयी मला शंका नाही. पण प्लॅस्टिकचे प्यादे हरवले की मूल म्हणते, "दुसरे आणू." ते तुटले की केराच्या टोपलीत जाते. अतिशय स्वस्त वस्तू मुलाला नकळत एक धडा देते: वस्तू टाकून द्यायच्या असतात. अतिशय महाग वस्तू दुसरा धडा देते: वस्तूंना हात लावायचा नसतो. दोन्ही धडे पुढे आयुष्यात माणसांना लागू होतात, हे मी मास्तरकीत पुष्कळदा पाहिले आहे. चांगली वस्तू या दोहोंच्या मध्ये असते. ती वापरावीशी वाटते आणि वापरताना जपावीशी वाटते. राहता राहिले ते बूच. ते फेकून न देता त्याला डोळे काढणारा माणूस मी पाहिला होता. म्हणून तर ते बूच त्या दिवशी दुकानात असलेल्या कोणत्याही संचाइतके मोलाचे होते.

मी शिसमाचा संच घेतला. एक सेना तपकिरी शिसमाची, दुसरी फिकट बॉक्सवुडची. रंग ज्याचा त्याचा. घोडे घोड्यांसारखे होते. संच आणि पट मिळून वहिनींचे पैसे बरोबर पुरले. माझे आठ हजार माझ्याच खिशात राहिले. अभिमान मात्र थोडा दुकानात पडला.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या शाळेतल्या मुलीही पटाभोवती गर्दी करतात. मधल्या सुट्टीत त्या नव्या पटावर नंबर लागू लागले. आणि पंधराच दिवसांत सातवीतल्या एका मुलीच्या हातून तपकिरी घोडा फरशीवर पडला. त्याचा डावा कान तुटला.

इतके सारे तत्त्वज्ञान पुण्याहून शिकून आलेला मी त्या पोरीवर ओरडलो. ती रडत रडत म्हणाली, "सर, मी बाबांना सांगून भरून देईन." तिचे वडील दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जातात, हे मला माहीत होते. माझे शब्द माझ्याच घशात अडकले. मी मनातले काचेचे कपाट मोडलेच नव्हते. ते फक्त माझ्या आवाजात नेऊन ठेवले होते.

संध्याकाळी वहिनींकडे गेलो आणि सगळे सांगितले, ओरडल्याचेही. त्यांनी घोडा हातात घेऊन पाहिला. मग मास्तरांची आठवण आल्यासारख्या किंचित हसल्या.

"कान गेला, भावजी. चाल तर नाही ना गेली?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सरसाची बाटली घेऊन गेलो आणि त्या मुलीच्याच हाताने कान चिकटवून घेतला. सांधा दिसतो. त्यावर रंग लावू का, असे तिने विचारले. मी नको म्हणालो.