खाल्ल्या मिठाला जागणे

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. पण जागावे म्हणजे नेमके काय करावे, आणि मीठ खाल्ले ते कुणाचे, हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही. हा प्रश्न माझ्या मनात नव्याने उभा राहिला तो एका परक्या देशातील खेळाडूच्या हकिकतीमुळे.

मेलबर्नचे भव्य मैदान आपण ओळखतो ते क्रिकेटमुळे. पण हिवाळा आला की तिथे एक निराळाच फुटबॉल चालतो. एकेका बाजूला अठरा गडी, चेंडू लांबट. तो पायाने मारावा किंवा तळहातावर धरून मुठीने ठोसावा. फेकायला मात्र बंदी. या खेळावर त्या शहराची जी भक्ती आहे, तिच्यापुढे आपले क्रिकेटवेडही शहाणपणाचे वाटावे!

या खेळात रॉन बारासी हे नाव फार मोठे. त्याचे वडील मेलबर्न संघाकडून खेळत. १९४० सालच्या विजेत्या संघात ते होते, आणि १९४१ साली तोब्रुकच्या रणभूमीवर ते पडले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. पुढे आईने दुसरा विवाह केला आणि ती टास्मानियाला जायला निघाली, तेव्हा या पोराला आपल्या आवारात आसरा दिला तो वडिलांचा एके काळचा सहखेळाडू नॉर्म स्मिथ आणि त्याची पत्नी मार्ज यांनी. घरामागच्या छोट्या बंगलीत तो राहिला आणि त्यांच्या पानाला पान लावून जेवला. हाच स्मिथ मेलबर्न संघाचा प्रशिक्षक होता, आणि शिस्तीला मोठा कडक. वडिलांचा ३१ आकडा पाठीवर घेऊन बारासी १९५३ साली मैदानात उतरला. १९५५ ते १९६४ या दहा वर्षांत स्मिथच्या हाताखाली मेलबर्नने सहा अजिंक्यपदे मिळवली. सहाही वेळा बारासी संघात होता, शेवटच्या दोन वेळा कर्णधार म्हणून.

आणि १९६४ चे ते सहावे अजिंक्यपद हाती असतानाच तो कार्ल्टन या प्रतिस्पर्धी संघाकडे निघून गेला. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी नात्याने.

शहर हादरले. कृतघ्न, पैशाचा लोभी, असे शब्द निघाले. मोबदला घसघशीत होता, हे खरेच; त्याची वकिली करताना ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण वडाच्या सावलीत दुसरा वड वाढत नाही, हेही तितकेच खरे. स्मिथ आहे तोवर बारासी शिष्यच राहणार होता. प्रशिक्षक होण्याची ओढ असेल, तर त्याला उन्हात जाणे भागच होते.

तरीही मन सहज मानत नाही. गुरूकडून मिळालेली विद्या गुरूवरच चालवायची? या ठिकाणी मला विराटाच्या गोग्रहणातला अर्जुन आठवतो. द्रोणाचार्य समोर उभे. अर्जुनाचे पहिले बाण त्यांच्या पायांशी येऊन पडतात. तो नमस्कार. पुढचे बाण मात्र लढाईचेच. व्यासांना यात विसंगती वाटली नाही. ती आपल्याला वाटते.

पुढच्याच वर्षी एक विलक्षण गोष्ट घडली. १९६५ च्या जुलैमध्ये, एका शुक्रवारी, मेलबर्नच्या चालकांनी स्मिथलाच बडतर्फ केले! सहा अजिंक्यपदे देणाऱ्या माणसाला! आरडाओरडा झाला, तेव्हा चार-पाच दिवसांत त्याला परत बोलावले. पण मने विटली ती विटलीच. ज्या संस्थेशी बारासीने इमान राखायला हवे होते, तिचे स्वतःचे इमान एवढेच होते. संस्थेला मीठ नसते, वाचकहो. मीठ असते ते माणसाच्या स्वयंपाकघरात. बारासीचे ऋण स्मिथ पतिपत्नींचे होते, आणि स्मिथचे नाव त्याने जन्मभर आदरानेच घेतले. त्या नावाने आज अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला पदक देतात.

कार्ल्टनला १९४७ नंतर अजिंक्यपद नव्हते. बारासीने १९६८ साली ते मिळवून दिले. मग आला १९७० चा अंतिम सामना. एक लाख एकवीस हजारांवर प्रेक्षक. मध्यंतराला कॉलिंगवूड ४४ गुणांनी पुढे. बारासीने खेळाडूंना बजावले की चेंडू लांब उडवत बसू नका, मुठीने एकमेकांना देत पळत सुटा. अडचणीत सापडल्यावर करायची ही युक्ती. त्याने तिचे शस्त्र केले. टेड हॉपकिन्स या राखीव पोराला आत धाडले, त्याने चार गोल केले, आणि कार्ल्टन दहा गुणांनी जिंकले. हा खेळ स्मिथने शिकवलेला नव्हता. सावलीतून बाहेर पडल्यावाचून तो बारासीला सापडलाही नसता, असे मला वाटते.

स्मिथ १९७३ साली वारला. बारासीने पुढे नॉर्थ मेलबर्नला दोन अजिंक्यपदे मिळवून दिली, आणि १९८१ साली तो आपल्या जुन्या मेलबर्न संघाकडे प्रशिक्षक म्हणून परतला. त्या वर्षी बावीस सामन्यांत संघाने एकच जिंकला. पाच हंगाम तो राबला. अजिंक्यपद काही आले नाही. पण आयर्लंडची पोरे आणून त्यांना हा खेळ शिकवावा, असा एक खटाटोप त्याच्याच काळात सुरू झाला. १९८४ साली असाच एक अठरा वर्षांचा मुलगा, जिम स्टाइन्स, घर सोडून मेलबर्नला आला. हा लांबट चेंडू त्याच्या हाताला अगदीच नवा. १९९१ साली त्याने साखळीतील सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक पटकावले, तेव्हा बारासीला संघ सोडून सहा वर्षे झाली होती.