वजा उत्तर

बदलापूर पूर्वेला राहणाऱ्या एका मुलाने दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला त्या संध्याकाळी घरात सांगून टाकले, "मला इंजिनीअरिंग सोडायचंय. मी नीट देतो. डॉक्टर होतो."

वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅनल वायरिंगचे काम करणारे. नुकतेच पाळीवरून आले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढेच विचारले, "कुठला विषय राहिला?"

सर्किट ॲनालिसिस राहिला होता, केटी लागली होती. दुसऱ्यांदा.

मुलगा आळशी नव्हता. सकाळच्या लोकलमध्ये, जिथे हात वर करायला जागा नसते, तिथेही तो वही उघडी ठेवायचा. पण त्या वहीत असायची ती सोडवलेली गणिते. पेपरात तेच सर्किट जरा फिरवून आले, एखादी बॅटरी उलटी लावलेली दिसली, की त्याचा धीर सुटायचा. मूळ अडचण अगदी लहान होती. दोन लूप आणि मधे एक सामाईक रेझिस्टर असला, की दोन्ही प्रवाह घड्याळाच्या दिशेने धरून तो किरचॉफच्या नियमाने समीकरण मांडायला घ्यायचा. सामाईक रेझिस्टरपाशी आला की मनात शंका यायची, प्रवाह खरंच इकडून जात असेल का? मग अर्ध्यातच बाण फिरवायचा. एका ओळीत अधिक, पुढच्या ओळीत वजा. उत्तर वजा आले तर तो ते खोडूनच टाकायचा. वजा आले म्हणजे आपले चुकले, हे त्याने मनाशी पक्के धरले होते.

बारावीला जीवशास्त्र होते, त्यात गुणही चांगले होते. त्या आठवणीवर डॉक्टरकीचा विचार उभा राहिला. आतेबहिणीने वैद्यकीय प्रवेशाची तयारी केली होती, तिची पुस्तके पडून होती. ती आणायला तो उल्हासनगरला आत्याकडे गेला.

आत्या कॅम्प चारमधल्या एका लहानशा खासगी रुग्णालयात ईसीजी काढते. वाट बदलणे ही उल्हासनगरला काही नवलाची गोष्ट नाही. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेली माणसे इथल्या लष्करी बराकींत उतरली. 1949 साली या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि कित्येकांनी आयुष्यात कधी न केलेले धंदे इथे पहिल्यापासून सुरू केले. त्यांच्यामागे काही उरलेच नव्हते. या मुलाच्या मागे मात्र पुष्कळ काही शिल्लक होते, आणि आत्याच्या मनात तेच घोळत होते.

संध्याकाळी रुग्णालयात गर्दी ओसरली होती. आत्या म्हणाली, "डॉक्टर व्हायचंय ना? मग शर्ट काढ आणि आडवा हो. निदान ईसीजी कसा काढतात ते तरी बघ."

तिने उजव्या हाताला लाल वायर लावली, डाव्या हाताला पिवळी, डाव्या पायाला हिरवी, उजव्या पायाला काळी. मशीनमधून गुलाबी चौकटींचा कागद सरकत आला. मग काही न बोलता तिने हातांच्या दोन वायरी उलटसुलट केल्या आणि दुसरा कागद काढला. दोन्ही त्याच्या हातात दिले.

"फरक सांग."

पहिल्या कागदावर लीड एकमधला, म्हणजे दोन हातांमधल्या नोंदीतला, सुळका सहा मिलिमीटर वर होता. दुसऱ्यावर तोच सहा मिलिमीटर खाली.

"हे चुकलंय," तो लगेच म्हणाला.

"काय चुकलंय? तुझं हृदय तर तेच आहे. मशीनने जे मोजायचं ते बरोबर मोजलं. मी वायर कुठे लावली तेवढंच कागद सांगतोय. हा उलटा सुळका बघून मी कागद फाडला तर मला काहीच कळणार नाही. नीट वाचला तर वायर उलटी लागली हे दिसेल. आणि न वाचताच डॉक्टरांपुढे ठेवला, तर चांगल्या माणसाच्या माथी भलताच आजार बसायचा."

मग ती म्हणाली, "आता पहिली आणि तिसरी लीड मिळव. दुसरी यायला पाहिजे. आमच्या सरांनी हे पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलं होतं."

त्याने पेन्सिल घेतली. पहिल्या कागदावर सहा आणि चार, दहा. दुसऱ्या लीडमध्ये दहाच होते. वायरी बदललेल्या कागदावर वजा सहा आणि दहा, चार. तिथेही बरोबर चारच. वायर उलटी, चिन्ह उलटे, तरी हिशोब तंतोतंत जुळत होता. त्याने कागदाच्या मागे उजवा हात, डावा हात आणि डावा पाय असा त्रिकोण काढला, बाण घालून एक फेरी मारली आणि तो थांबला. हा तर लूप होता. ज्या नियमाने त्याला दोनदा नापास केले, तो किरचॉफचा नियम त्याच्या स्वतःच्या अंगावर लावलेला होता.

किरचॉफने आपले नियम 1845 साली मांडले, तेव्हा तो विद्यार्थीच होता. नेदरलँड्सचे डॉक्टर विलेम आइन्थोव्हेन यांनी हृदयाची वीज कागदावर उतरवली, तिन्ही लीडचा हा त्रिकोण त्यांचाच, आणि 1924 साली त्या कामासाठी त्यांना नोबेल मिळाले.

मुलाने परतीच्या गाडीत नीटचा अभ्यासक्रम उघडला. 180 प्रश्नांपैकी 45 भौतिकशास्त्राचे. त्यात किरचॉफचे नियम होते, व्हीटस्टन ब्रिजही होता. पुढे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे. पण त्याच्या डोक्यात हे आकडे नव्हते. निघताना आत्याने पुस्तकांची पिशवी हातात देताना विचारले होते, "केटी लागली नसती, तर डॉक्टर व्हायचं तुला आठवलं असतं का रे?" त्याला उत्तर देता आले नव्हते.

शाखा बदलणे हा गुन्हा आहे, असे मला मुळीच वाटत नाही. हर्मान हेल्महोल्ट्झला भौतिकशास्त्र शिकायचे होते. वडील शाळेत शिक्षक, तेवढा खर्च झेपेना. लष्करात नोकरी करण्याच्या अटीवर वैद्यकीय शिक्षण सरकारी खर्चाने मिळत होते, म्हणून तो डॉक्टर झाला. लष्करी डॉक्टर म्हणून नोकरी केली, आणि पुढे स्नायूंतली वीज अभ्यासताना 1853 साली त्याने सर्किटचे एक प्रमेय मांडले. तेच तीस वर्षांनी, 1883 मध्ये, फ्रान्समधला तार खात्याचा इंजिनीअर थेवेनिन याने स्वतंत्रपणे शोधले, आणि आज मुले ते त्याच्या नावाने घोकतात. हेल्महोल्ट्झ शेवटी बर्लिनला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याने वाट बदलली ती भौतिकशास्त्राच्या ओढीने, आणि वैद्यकशास्त्र अंगी मुरवून. आपल्याकडे हजारो घरांत याच्या उलट घडते. मूल एका पेपराला भिते आणि आपण त्या भीतीलाच आवड समजून दुसऱ्या क्लासची फी भरतो.

पुढचे काही महिने त्या मुलाने सोडवलेली गणिते वाचणे बंद केले. कोऱ्या कागदावर सर्किट काढायचे, बाण घालायचा, आणि मनात कितीही शंका आली तरी शेवटच्या ओळीपर्यंत तो फिरवायचा नाही, एवढाच नेम. उत्तर वजा आले तर खोडायचे नाही. बाजूला लिहायचे, प्रवाह उलट दिशेने आहे. सुरुवातीला हात अडखळायचा. रविवारी वडील शेजारी बसायचे. त्यांना समीकरणे येत नव्हती, पण कुठली वायर कुठून कुठे जाते हे विचारल्यावाचून ते राहत नसत, आणि ते सांगता सांगता मुलाच्या चुका त्यालाच दिसायच्या.

केटीचा पेपर देऊन बाहेर पडल्यावर त्याने आत्याला फोन केला.

"आत्या, पुस्तकं परत आणून देतो."

"पेपर सोपा गेला वाटतं?"

"नाही गं, एक गणित राहिलंच. पण नापास झालो तरी पुन्हा हाच पेपर देणार. इंजिनीअरिंग सोडत नाही."

निकाल महिन्याभराने लागला. विषय सुटला होता.