चार आण्यांची वीज

आजच्या साधारण स्मार्टफोनची बॅटरी पाच हजार एमएएचची असते. हिशेब मांडला तर तीत वीज मावते एकोणीस-वीस वॅट-अवर. चार्जरमधली गळती धरली, तरी विजेच्या एका युनिटात असा फोन चाळीसेक वेळा पूर्ण भरतो. युनिटला दहा रुपये धरा. एका वेळेला चार आणे पडले. रोज एकदा भरला तरी वर्षाला शंभर रुपयांच्या आत.

आणि तरी संध्याकाळी सातला पुण्याच्या कात्रज चौकात साताऱ्याच्या गाडीची वाट बघत उभ्या असलेल्यांकडे पाहा. कुणी ब्राइटनेस पार तळाला नेलाय, कुणी फोन एअरप्लेन मोडवर टाकून खिशात ठेवलाय, कुणी ‘चार्जिंग नाहीये, गाडीत बसलो की कळवतो’ एवढंच बोलून कट करतंय. चार आण्यांच्या मालाची ही टंचाई विजेची नाही, हे उघड आहे.

यावर घरोघरी मिळणारं उत्तर शिस्तीचं असतं. रात्री लावून ठेवायला काय झालं होतं? दिवसभर तोंड खुपसून बसलं की दुसरं काय होणार? सोबत सल्ल्यांची यादीही येते. त्यातले काही सल्ले खरे, काही नुसतेच चिकटलेले. उघडी ॲप्स अंगठ्यानं भराभर सारून टाकणं हा त्यातला लाडका, आणि बहुतेक वेळा निरुपयोगी. तेच ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला उलट जास्त वीज लागते. डार्क मोडचं पुण्य ओएलईडी पडद्यालाच लागू, आणि तेही सरसकट नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं २०२१ मध्ये मोजून पाहिलं, तर ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना बचत ३ ते ९ टक्केच निघाली. पूर्ण ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७. म्हणजे ज्याला भर उन्हात पडदा बघावा लागतो, त्यालाच तिचा खरा उपयोग. रेंजचं तर कुणी बोलतच नाही. घाटात, बोगद्यात रेंज पडली की टॉवरपर्यंत पोचण्यासाठी फोन आवाज चढवावा तसा प्रक्षेपणाचा जोर वाढवतो. खिशातल्या खिशात, कुणी हात न लावता, टक्के उतरत जातात. यात शिस्तीचा प्रश्न येतो कुठे?

दुसरा मुद्दा कामाचा. सुखसागरनगर, संतोषनगर, आंबेगाव या भागांत पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्या मुलाला हे सल्ले वाचून दाखवावेत. लोकेशन बंद ठेवा. त्याचं लोकेशन बंद झालं की त्याचं काम बंद झालं. पडदा कमी वेळ चालू ठेवा. नकाशा पाहिल्याशिवाय तो सोसायटीची नेमकी विंग शोधणार कसा? फोन उन्हात ठेवू नका. तो तर हँडलला क्लॅम्पमध्ये अडकवलेला, वर एप्रिलचं पुण्याचं ऊन, खाली पॉवर बँकेची वायर. लिथियम-आयन बॅटरीला सगळ्यात जास्त मारते ती उष्णता; ३५ अंशांच्या वरच्या हवेत फोन वापरू नका, असं ॲपलसारखी कंपनीच सांगते. उन्हात तापत तापत भरलेली बॅटरी दिवसाअखेर तर संपतेच, पण तिचं आयुष्यही लवकर सरतं. मग ती फुगते, मागचं झाकण उचलतं, आणि नवी टाकायचा खर्च त्याच्याच खिशातून होतो. पेट्रोल हा धंद्याचा खर्च आहे, एवढं निदान कंपनीशी होणाऱ्या भांडणात तरी मान्य होतं. बॅटरीची झीज कुणी त्या भांडणातही धरत नाही.

बॅटरी पुरत नाही याला बॅटरी लहान असणं हे कारण म्हणावं, तर नोकिया ११०० आठवावा. २००३ चा फोन, बॅटरी ८५० एमएएचची, म्हणजे आजच्या जवळजवळ सहावा हिस्सा, आणि चालायचा आठवडाभर. त्याच्याकडून कुणी फारसं काही मागतच नव्हतं. तिकीट कागदाचं होतं, पैसे पाकिटात होते, ओटीपी रोजच्या व्यवहारात यायचा होता. आता सात हजारांच्या बॅटऱ्यांचे फोन बाजारात आलेत. त्यांनी प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. साठा वाढला की मागणी त्याच्यामागे चालत येते, आणि हे कात्रजइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसावं. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी इथल्या ओढ्याला बांध घालून तलाव केला. नुसत्या उतारावर चालणारा, माणूस आत शिरू शकेल एवढा दगडी नळ जमिनीखालून शहरात नेला. वाटेत हवेसाठी उसासे ठेवले. त्या पाण्यावर शनिवारवाडा चालला आणि काळ्या हौदासारखे पेठांतले हौदही भरले. पुढे एकोणिसाव्या शतकात खडकवासला धरण आलं, मग पानशेत, वरसगाव, टेमघर. आणि आज कात्रज-आंबेगावच्या सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतात.

त्या योजनेतली मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट हौदाची. पाणी आणायचं आणि वाटेत सगळ्यांना घेता येईल असं ठेवायचं. फोनच्या बाबतीत आपण व्यवस्था अगदी उलटी केली आहे. प्रत्येकानं आपला साठा आपल्या अंगावर वागवायचा, आटला तर तो त्याचा निष्काळजीपणा. म्हणून मग चहाच्या टपरीवर, मेडिकलमध्ये ‘जरा लावू का?’ असं विचारावं लागतं. मागणारा चार आण्यांच्या विजेसाठी संकोचतो. गरज नसताना एक चहा किंवा बिस्किटाचा पुडा घेतो. दुकानदार ‘सी टाइप का बारीक पिन?’ विचारून फोन काउंटरमागे लावतो, आणि लाखभराच्या बँक खात्याची किल्ली अर्धा तास अनोळखी माणसाच्या ताब्यात राहते. एवढा विश्वास आपण एरवी नात्यात टाकत नाही. ही चांगुलपणाची सोय आहे, मला ती आवडतेही. पण एखाद्या टपरीवाल्याच्या स्वभावावर शहराचा कारभार टाकता येत नाही.

युरोपीय संघानं या प्रश्नाचं एक टोक धरलं आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथं विकायच्या उपकरणांतल्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत, असा २०२३ चा नियम आहे. आपण नोकियाच्या मागचं झाकण नखानं उचकटून हेच करत होतो. तो नियम चांगलाच, पण तो बॅटरीच्या म्हातारपणाबद्दल बोलतो. दिवसाच्या मागण्यांबद्दल नाही. त्या कमी करायच्या तर बँकेनं, रुग्णालयानं, वाहतूक संस्थेनं फोन बंद पडलेल्या माणसासाठीही एक दार उघडं ठेवायला हवं.

हे अशक्य नाही, कारण संस्था स्वतःपुरतं ते करतातच. एसटीच्या कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीनही बॅटरीवर चालतं, आणि तीही बसते. तेव्हा कंडक्टरला कुणी ‘घरून चार्ज करून का नाही आलास’ म्हणून प्रवाशांसमोर उभं करत नाही. मशीन डेपोचं, चार्जिंग डेपोचं. आणि ते बंद पडलंच तर जुन्या छापील तिकिटांचा ट्रे निघतो, कंडक्टर पंच करून तिकीट देतो आणि गाडी साताऱ्याला जाते. कात्रजच्या चौकात त्याच गाडीला आडवी जाणारी डिलिव्हरीवाल्याची दुचाकी मात्र फोन बंद पडला की त्या दिवसापुरती थांबते. त्याच्यासाठी असा ट्रे कुठल्याच डेपोत ठेवलेला नाही.