पथ्य आणि पाप

एखाद्या मधुमेही गृहस्थास हृदयविकाराचा झटका आला म्हणजे समाचारास येणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात हळहळ असते हे खरे. पण हळहळीच्या पाठोपाठ चौकशी येते आणि चौकशीच्या पाठोपाठ निकाल लागतो. "फिरायला जात होते का?" "छे हो! किती वेळा सांगितले, पण बैठक काही सुटली नाही." झाले. रोगाचे कारण सापडले, एवढेच नव्हे तर रोग्याचा अपराधही सिद्ध झाला! आणि तोच गृहस्थ नेमाने फिरणारा निघाला, तर मंडळी क्षणभर गोंधळतात व 'मग खाण्यात काहीतरी चुकत असले पाहिजे' अशी स्वतःची समजूत घालून घेतात. अपराध हा असलाच पाहिजे. तो कोणता, एवढाच काय तो प्रश्न.

मधुमेह्याने व्यायाम करावा की नाही हा वैद्यकाचा प्रश्न आहे व त्याचे उत्तर बव्हंशी ठरलेले आहे. ज्याने तो केला नाही त्यास दोषी म्हणावे की नाही, हा नीतीचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आपण फार घाईने देऊन टाकतो, असे मला वाटते.

प्रथम वैद्यक. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली रहिवाशांच्या हृदयाची जी दीर्घकालीन पाहणी सुरू झाली, तिच्या आधारे १९७९ साली असे दाखविण्यात आले की, मधुमेह्यास हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे विकार होण्याचा संभव इतरांच्या दुपटी-तिपटीने अधिक असतो. वाढलेली साखर रक्तवाहिन्यांचे अस्तर हळूहळू बिघडविते आणि जोडीला रक्तदाब व चरबी ही बहुधा असतातच. उलटपक्षी चालण्याचा गुण असा की, काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो आणि पुढे एक-दोन दिवस इन्सुलिनलाही अधिक दाद देतो. म्हणूनच आठवड्यातून दीडशे मिनिटे भरभर चालावे व लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतीलच २,८९६ मधुमेही प्रौढांच्या पाहणीत आठवड्यास निदान दोन तास चालणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले. तेव्हा वडीलधाऱ्यांचे 'चालत जा' हे सांगणे निराधार मुळीच नाही.

मग चालणे हे कर्तव्य ठरते काय? ठरते, असे मी म्हणेन. माणसाची स्वतःविषयीही काही कर्तव्ये असतात, असे कांटने आपल्या १७९७ च्या नीतिविषयक ग्रंथात प्रतिपादिले आहे. पण आपणांस इतके दूर जाण्याचे कारण नाही. ज्याच्या मिळकतीवर घर चालते, ज्याच्या आजारात पत्नी किंवा मुलगी रात्रीच्या रात्री जागून काढणार, त्याचे हृदय त्याच्या एकट्याच्या मालकीचे नव्हे. येथे कोणी कालिदासाचा दाखला देईल. शरीराला धर्मसाधनांत पहिले स्थान देणारे त्याचे वचन व्यायामावरील व्याख्यानात हटकून येते. मात्र कुमारसंभवात बटुवेषधारी शंकर ते पार्वतीला ऐकवितो, ते तिने अंग झिजवावे म्हणून नव्हे. तपश्चर्येच्या भरात ती आपल्या शक्तीबाहेर तर जात नाही ना, अशी विचारपूस करताना ऐकवितो! व्याख्यात्यांच्या तोंडून हा संदर्भ सहसा बाहेर पडत नाही.

पण चालणे कर्तव्य ठरले, तरी न चालल्याची शिक्षा म्हणून झटका आला हे त्यातून निष्पन्न होत नाही. येथे थोडा इतिहास पाहावा लागेल. व्यायाम आणि हृदय यांच्या संबंधाचे आधुनिक शास्त्र लंडनच्या दुमजली बसगाडीत जन्मास आले, असे म्हणावयास हरकत नाही. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात दाखवून दिले की, दिवसभर आसनावर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, तिकिटे देत जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो; आणि झालाच तर उशिरा व कमी घातक स्वरूपात होतो. हे लोक मधुमेही म्हणून निवडलेले नव्हते. पण पुढल्या साऱ्या विचाराला येथून वळण लागले. मला मात्र मॉरिस यांनी त्यानंतर जे केले ते अधिक मोलाचे वाटते. त्यांनी या नोकरांना मिळणाऱ्या गणवेशांची मापे तपासली आणि १९५६ साली प्रसिद्ध केले की, चालकांच्या विजारी वाहकांच्या विजारींपेक्षा कंबरेला मोठ्या असतात. आणि तेही तरुण वयापासून! म्हणजे बैठ्या कामाने माणूस स्थूल झाला, की स्थूलतेकडे झुकलेला माणूसच बैठे काम पत्करतो? मॉरिस यांनी पुढे या शंकेचाही हिशेब करून आपले मूळ अनुमान टिकते असे दाखविले, पण स्वतःच्याच सिद्धांताला शिंप्याची मापपट्टी लावून पाहण्याचा हा प्रामाणिकपणा समाचारास येणाऱ्या मंडळींत क्वचित आढळतो.

मधुमेह्याच्या बाबतीत ही शंका अधिकच टोचणारी आहे. मज्जातंतू बधिर झालेल्या काही मधुमेह्यांना हृदयाची वेदना छातीत जाणवतच नाही; केवळ दम लागतो, थकवा येतो. असा माणूस संध्याकाळचे फिरणे टाळू लागला, तर आपण त्यास आळशी म्हणतो. तो चालत नव्हता म्हणून त्याचे हृदय बिघडले, की हृदय बिघडत चालले होते म्हणून त्याच्याने चालवत नव्हते? बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही दृश्ये सारखीच दिसतात.

या शंकेतून सुटण्याचा खात्रीचा मार्ग एकच: चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट पाडावयाचे व एकासच व्यायामास लावावयाचे. 'लुक अहेड' या नावाने अमेरिकेत २००१ पासून हेच करण्यात आले. स्थूल अशा ५,१४५ मधुमेह्यांपैकी २,५७० जणांना आहारनियमन, वजन उतरविणे आणि आठवड्यास १७५ मिनिटे व्यायाम यांची कसून शिकवण दिली. उरलेल्या २,५७५ जणांना नेहमीचा सल्ला. सुमारे साडेनऊ वर्षांनंतर, २०१२ साली, हा प्रयोग आटोपता घेण्यात आला. कारण हृदयविकार, पक्षाघात इत्यादींचे तडाखे पहिल्या गटात ४०३ जणांना व दुसऱ्या गटात ४१८ जणांना बसले होते, आणि एवढ्या फरकास शास्त्र फरक मानीत नाही. व्यायाम करणाऱ्यांचे वजन उतरले होते, दम वाढला होता, औषधे कमी लागत होती, मूत्रपिंडाचा गंभीर विकारही त्यांच्यात कमी आढळला. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते हृदयाचे संरक्षण मात्र सिद्ध झाले नाही.

का झाले नाही, याची कारणे पुष्कळ सांगतात. दुसऱ्या गटात चरबी उतरविणारी औषधे अधिक घेतली गेली. काळ लोटला तसे दोन्ही गटांच्या वजनातील अंतर कमी झाले. एकंदर झटक्यांचे प्रमाणच अपेक्षेहून थोडे निघाले. मागाहून केलेल्या छाननीत असेही दिसले की, ज्यांनी पहिल्या वर्षात दहा टक्के किंवा अधिक वजन उतरविले त्यांच्यात हे विकार सुमारे एक-पंचमांशाने कमी होते. पण ज्यांना वजन उतरविता आले ते मुळातच कोणत्या प्रकृतीचे व परिस्थितीचे लोक होते? पुन्हा त्या विजारी आडव्या आल्याच!

या प्रयोगाने व्यायाम निरर्थक ठरला, असे म्हणणारा मूर्ख ठरेल. परंतु त्या ४०३ जणांपुढे आपल्या मंडळींना उभे करावे असे मला फार वाटते. नेमाने शिकवण घेऊनही ज्यांना झटका आला, त्यांचा अपराध कोणता? आणि दुसऱ्या गटातील ज्या दोन हजारांहून अधिक लोकांना साडेनऊ वर्षांत काही झाले नाही, त्यांचे पुण्य कोणते? संभव हा शेकड्याचा धर्म आहे. त्या शेकड्यातील एका माणसाच्या खाटेशी उभे राहून त्याचा न्याय करावयाचे सामर्थ्य त्यात नाही. आपण निवाडा करतो तो शास्त्राच्या आधाराने नव्हे, भीतीपोटी. 'त्याने केले नाही म्हणून त्याला झाले. मी करतो, सबब मला होणार नाही,' एवढा दिलासा आपणांस हवा असतो, आणि तो आपण आजाऱ्याच्या अब्रूतून वसूल करून घेतो.

आणखी एक गोष्ट. सुश्रुताने प्रमेहाच्या चिकित्सेत चालणे सांगितले आहे, पण सर्वांना एकच मात्रा सांगितलेली नाही. निर्धनाने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर राहून व प्रत्येक गावी एकच रात्र मुक्काम करून शंभर योजने चालावे. श्रीमंताने रानातील धान्यफळांवर राहावे. कोणी शेत नांगरावे, कोणी विहीर खणावी. हे उपाय आज कोणी योजणार नाही. पण माणसाची परिस्थिती पाहून मग पथ्य सांगावे, ही दृष्टी त्यात आहे आणि ती आपल्या उपदेशात नाही. दोन तास लोकलमध्ये उभा राहून घरी येणारा कारकून, पहाटेपासून स्वयंपाकघरात उभी असलेली आणि तरीही 'तुम्ही काहीच व्यायाम करीत नाही' असे ऐकून घेणारी गृहिणी, जिच्या गल्लीत पदपथावर चालावयास जागाच उरलेली नाही अशी म्हातारी, या सर्वांना आपण एकच वाक्य फेकून देतो.

कोणी म्हणेल, दोष देणे सोडले तर लोक बसूनच राहतील. थोडा धाक हवा. आक्षेप पोकळ नाही. धाकाने काही दिवस चालणारी माणसे मीही पाहिली आहेत. पण धाकाने चालणारा एक दिवस चुकला की लाजेने डॉक्टरांकडे जाणेच टाळतो, आणि ज्या रोगात नियमित तपासणीवर पुष्कळ काही अवलंबून असते त्यात ही लाज आळसाहून महाग पडते. शिवाय झटका टळेल या आमिषाने चालणाऱ्यास झटका आलाच, तर तो फसविल्यासारखा होतो. त्यापेक्षा डॉक्टरांनी सरळ असे सांगावे: "चालल्याने झटका येणारच नाही, असे वचन मी देत नाही. संभव कमी व्हावा असे वाटण्यास आधार आहे. जिना चढताना दम कमी लागेल, आणि साखर उतरेल ती या आठवड्यापासूनच. पायांना जखम नाही ना, तेवढे रोज पाहत चला. इन्सुलिन घेता तेव्हा खिशात साखर असू द्या. दम नेहमीपेक्षा अधिक लागला तर थांबा व मला कळवा. आणि संध्याकाळचा पाऊण तास तुम्हांला मोकळा मिळावा म्हणून घरातले कोणते काम कोणी उचलावयाचे, ते आज रात्री जेवणे झाल्यावर सर्वांनी मिळून ठरवा."